शिक्क्याचा मान

फार फार पूर्वी एका राज्यात विसाजी नावाचा कारकून होता. राजाच्या कचेरीत तो आणि त्याचे सोबती प्रजेचे अर्ज वाचत, अर्जदाराला जवळ बसवून चार प्रश्न विचारत आणि मग उत्तर लिहीत. काम सावकाश चाले, पण आलेला माणूस समाधानानं परत जाई.

एके दिवशी एका परदेशी कारागिरानं राजाला तांब्याची बाहुली भेट दिली. कचेरीतले सारे जुने अर्ज आणि त्यांची उत्तरं तिला वाचून दाखवली गेली. मग नवा अर्ज समोर धरला, की पापणी लवायच्या आत ती उत्तर लिहून टाकी. राजा हरखला. दिवाणानं कारकुनांना घरी धाडलं आणि एकट्या विसाजीला ठेवून घेतलं.

"उत्तर बाहुली देईल," दिवाण म्हणाला. "तू फक्त राजाचा शिक्का मारायचास."

सोबती डोळे पुसत निघाले. विसाजीनं मान खाली घातली खरी, पण मनात म्हणाला, 'सुटलो रे देवा!'

सुरुवातीला तो प्रत्येक उत्तर वाचून बघे. एकदा त्यानं बाहुलीची चूक पकडली, तर दिवाण खेकसला, "बाहेर रांग वाढतेय! तुला वाचायला ठेवलंय की शिक्का मारायला?"

घरी खाणारी तोंडं होती. विसाजीनं वाचणं सोडलं.

पावसाळ्याच्या तोंडावर एक म्हातारी आली. तिच्या गावच्या तलावाचा बांध तडकला होता. यंदा तलाव भरू देऊ नये, पाणी बाहेर सोडायची मोरी उघडी ठेवावी, एवढंच गावाचं मागणं होतं. पण आजवर त्या गावाचे अर्ज तलाव भरण्यासाठीच येत. बाहुलीनं त्याच वळणाचं उत्तर लिहिलं, "मोरी बंद करून तलाव काठोकाठ भरावा."

"लेकरा, काय लिहिलंय ते वाच तरी," म्हातारी काकुळतीनं म्हणाली. "मला अक्षर येत नाही."

विसाजीनं रांगेकडे पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं आणि शिक्का उमटवला.

"बरोबरच असणार, आजी. चला, पुढचं कोण?"

राजाचा शिक्का पाहून गावानं भीत भीत मोरी बंद केली. संततधार लागली, बांध फुटला आणि गाव वाहून गेलं. म्हातारी तेवढी लेकीकडे गेली होती, म्हणून वाचली.

राजानं विसाजीला दरबारात उभं केलं.

"महाराज, उत्तर बाहुलीचं होतं!"

"तांब्याला मी काय शिक्षा देणार?" राजा म्हणाला. "शिक्का तुझ्या हातात होता."

विसाजीच्या तोंडाला काळं फासून त्याला हद्दपार केलं. वेशीपाशी म्हातारी बसली होती. तो तिच्या पायांवर कोसळला.

"आजी, ती बाहुली..."

"बाहुलीला मी कुठं विनवलं होतं?" ती म्हणाली. "तुला विनवलं होतं." आणि तिनं तोंड फिरवलं.

बाहुली कचेरीतच राहिली. दिवाणानं जुन्यांतल्याच एका कारकुनाला बोलावून शिक्का दिला. तो बिचारा उपकार मानत, हात जोडत जागेवर बसला.

ऐकणाऱ्यांनो, एवढं गाठीला बांधा: विचार दुसऱ्याचा आणि शिक्का आपला, असा मान जो पत्करतो, त्याच्या वाट्याला शेवटी फक्त दोष उरतो.