मिरीची लाही सायकलच्या पोटात

मिरी ही मुंगी. मिऱ्याच्या दाण्याएवढी. छे, त्याहूनही लहान.

मिरीला एक धाकटी बहीण. तिचे पाय दुखत होते. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा! मग जेवण कोण आणणार? मिरी आणणार.

मिरीला सापडली एक लाही. ज्वारीची लाही. पांढरी, फुललेली, मिरीहून मोठी. मिरीनं ती डोक्यावर घेतली. तुरुतुरु, तुरुतुरु निघाली.

वाटेत हेरंबकाकांचा व्हरांडा. व्हरांड्यात काकांची सायकल. सडपातळ, चकचकीत, भिंतीला टेकलेली. मिरी सायकलवर चढली. पलीकडे जायला तोच जवळचा रस्ता.

आला वारा. फूऽऽ!

लाही उडाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, सायकलच्या नळीवरून गेली. नळीला होतं एक भोक. लाही भोकात गेली. टुप्प!

मिरीनं भोकात डोकावलं. आत काळोख. काळोखात तुटक्या तारेचे काटे. डोकं घातलं तर, टोच! आई गं!

मिरी म्हणाली,
"सायकलबाई, लाही द्या ना.
धाकटी भुकेनं झोपेना."

सायकल म्हणाली, "कुठं डोकं घालतेस? हळू! मी साधीसुधी सायकल नाही. दूधवाल्याच्या सायकलची तार बघ, बाहेर लोंबते. शी! माझी गिअरची तार पोटातून जाते. कुणाला दिसत नाही."

"तुटलीय ना पण ती?"

"तुटली. पण दिसते का? नाही!"

"आणि माझी लाही?"

सायकल म्हणाली, "देईन की. नाही कोण म्हणतंय? पण आधी काकांना तार बदलू दे."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हेरंबकाका घरात खुर्चीवर बसले होते. डोक्यावर हेल्मेट. हातात हातमोजे. पायात लोखंडी पट्टीचे बूट. काका मोबाइल बघत होते. सायकलची तार कशी बदलावी, त्याचा व्हिडिओ. हा आठवा.

मिरी म्हणाली,
"काका, काका, तार बदला ना.
सायकल लाही देईना.
धाकटी भुकेनं झोपेना."

काका म्हणाले, "अगं, तार बदलणं म्हणजे काही खेळ नाही! इकडून घालायची. पोटातून न्यायची. खालच्या भोकातून काढायची. मला सगळं येतं."

"मग बदला ना!"

काका म्हणाले, "बदलीन की. नाही कोण म्हणतंय? पण आधी मिस्त्रीला तार ओवू दे."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

समोरच बाबालाल मिस्त्रीचं दुकान. मिस्त्री एका चाकात हवा भरत होता. फुस्स, फुस्स. फुस्स, फुस्स.

मिरी म्हणाली,
"मिस्त्रीमामा, तार ओवा ना.
काका काही हलेना.
सायकल लाही देईना.
धाकटी भुकेनं झोपेना."

मिस्त्री म्हणाला, "बाय माझे, ती तार आतनं जाती. आत आंधार. तार जाती भलतीकडं. तिला वढून न्यायला चुंबक लागतंय."

"मग घ्या ना चुंबक!"

"माझं चुंबक तुझ्या काकांनीच नेलंय. फ्रीजवर लावलंय. मी ओवीन की. न्हाई कोन म्हनतंय? पन आधी चुंबक येऊ दे."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पुन्हा काकांच्या घरात. फ्रीजवर चढली. फ्रीज गार. घुर्रर्र, घुर्रर्र. मिरीचे पाय कुडकुडले. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा.

वर चुंबक बसलं होतं. गोल, गुबगुबीत. पोटाखाली कागद दाबून.

मिरी म्हणाली,
"चुंबका, चुंबका, चल ना.
मिस्त्री तार ओवेना.
काका काही हलेना.
सायकल लाही देईना.
धाकटी भुकेनं झोपेना."

चुंबक म्हणालं, "मी केवढ्या कामात आहे, दिसत नाही का? मी कागद धरलाय. काल धरला होता. आज धरलाय. उद्याही धरणार."

"थोडा वेळ सोड ना!"

चुंबक म्हणालं, "येईन की. नाही कोण म्हणतंय? पण आधी कागद उतरू दे."

मिरी दोन पावलं खाली सरकली. कागद तिथंच होता. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'रोज सकाळी सायकल!' खाली चौकोन. खूप चौकोन. सगळे रिकामे.

मिरी म्हणाली,
"कागदा, कागदा, उतर ना.
चुंबक जागचं सुटेना.
मिस्त्री तार ओवेना.
काका काही हलेना.
सायकल लाही देईना.
धाकटी भुकेनं झोपेना."

कागद म्हणाला, "असा कसा उतरू? माझ्यावर एक तरी खूण आहे का? एकदा काका सायकल चालवतील. एकदा खूण करतील. मग मी मानानं उतरेन."

"आणि नाही चालवली तर?"

कागद म्हणाला, "उतरेन की. नाही कोण म्हणतंय? पण आधी काकांना सायकल चालवू दे."

मिरी निघाली. तुरु… तुरु… पाय दमले होते. काका त्याच खुर्चीवर होते. व्हिडिओ नववा होता.

मिरी म्हणाली,
"काका, काका, पॅडल मारा ना.
कागद खाली उतरेना.
चुंबक जागचं सुटेना.
मिस्त्री तार ओवेना.
काका काही हलेना.
सायकल लाही देईना.
धाकटी भुकेनं झोपेना."

काका म्हणाले, "चालवीन की. नाही कोण म्हणतंय? पण सायकलची तार तुटलीय ना! आधी मिस्त्रीला तार ओवू दे."

मिरी खाली बसली. एकेक पाय उचलून मोजू लागली.

काका थांबले मिस्त्रीसाठी. मिस्त्री थांबला चुंबकासाठी. चुंबक थांबलं कागदासाठी. कागद थांबला काकांसाठी. आणि काका? काका थांबले मिस्त्रीसाठी!

"अरेच्चा!" मिरी म्हणाली. "सगळे बसलेत. चालतेय मी एकटीच!"

मिरीला आला राग. मिऱ्याएवढ्या मुंगीला, मिऱ्यासारखा तिखट राग.

मिरीनं काकांकडं नीट बघितलं. डोक्यावर हेल्मेट होतं. हातात हातमोजे होते. पायात बूट होते.

पोटरीवर काहीच नव्हतं.

मिरी पोटरीवर चढली. तोंड उघडलं. आणि… कडकडून चावली!

"आई आई गंऽऽऽ!"

काका उडाले. फ्रीजवर आदळले. धडाऽम!

कागद उतरला. फर फर फर फर.

चुंबक सुटलं. टण्! खाली पडलं, ते काकांच्या बुटाच्या पट्टीला चिकटलं.

काका पळाले. टॉक-टण्, टॉक-टण्, टॉक-टण्! थेट मिस्त्रीच्या दुकानात.

"बाबालाल, साप चावला! भला मोठा साप!"

मिस्त्रीनं वाकून बघितलं. "कुठला साप, काका? मुंगी हाय ती. आन् हे काय? माझं चुंबक!"

आता मिस्त्री उठला. चुंबक घेतलं, नवी तार घेतली, आणि आला व्हरांड्यात.

"काका, सायकल धरा," मिस्त्री म्हणाला. "घट्ट धरा." काकांनी सायकल धरली.

मिस्त्रीनं जुनी तार ओढली. सुर्रर्र! काटे गेले. मग नवी तार भोकात घातली. आत तार, बाहेर चुंबक. चुंबक सरकलं, तार सरकली. सुळूक… सुळूक… सुळूक…

अडकली!

मिरीनं डोळे मिटले.

"कायतरी आडवं आलंय," मिस्त्री म्हणाला.

"दहावा व्हिडिओ बघू का?" काकांनी विचारलं.

"नका. नुसतं धरा."

मिस्त्रीनं तार थोडी मागं घेतली. थोडी फिरवली. हळूच पुढं ढकलली. सुळूक… सुळूक… खालच्या भोकातून काहीतरी डोकावलं. पांढरं. फुललेलं.

टुणुक!

लाही! मागोमाग तारेचं टोक.

"लाही! माझी लाही!" मिरीनं धाव घेतली. लाही पकडली. डोक्यावर घेतली.

मिस्त्रीनं तार ताणली. स्क्रू पिळला. गिअर पडले. खट्, खट्, खट्!

सायकल म्हणाली, "बघ, दिली की नाही मी लाही?"

चुंबक म्हणालं, "आलं की नाही मी?"

कागद जमिनीवरूनच म्हणाला, "उतरलो की नाही मी?"

काका सायकलवरून फाटकापर्यंत गेले. फाटकापासून परत आले. कागदावर एक खूण केली. मग सायकलबरोबर फोटो काढला. सगळ्यांना पाठवला. 'तार मीच बदलली!'

मिस्त्री हसला. दुकानात गेला. फुस्स, फुस्स. फुस्स, फुस्स.

मिरीनं यातलं काहीच ऐकलं नाही. ती केव्हाच निघाली होती. या वेळी सायकलवरून नाही. खालून. भिंतीकडेनं. तुरुतुरु, तुरुतुरु.

घरी धाकटी जागीच होती. तिनं लाही खाल्ली. कुरुम कुरुम. पोट भरलं. मग तिनं विचारलं, "ताई, ताई, लाही कुणी दिली गं?"

"दिली कुठली?" मिरी म्हणाली. "चावून आणली!"

धाकटी खुदकन हसली. हसता हसता झोपली. मिरी तिच्या कुशीत झोपली. मग गोष्टीनंही पाय पसरले. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा.