लाच कोणी दिली?

“लाच दिलीस? स्वतःच्या तोंडानं सांगतोस? मग तूच आधी कोठडीत!”

देवडोंगरचे राजे शार्दूलराव गरजले आणि शिपायांनी सटवाजीचे दंड धरले. बिचारा सटवाजी तक्रार घेऊन आला होता! शेजारच्या राज्यातून गुळाची गाडी घेऊन येताना देवडोंगरच्या तिन्ही नाक्यांवर त्याला अडवलं गेलं होतं. परक्या मुलखातली गाडी दिसली की हवालदार काहीतरी गुन्हा शोधायचा आणि गुळाची ढेप घेतल्याशिवाय सोडायचा नाही.

सटवाजीची मुलगी बकुळा दरबाराच्या खांबाशी उभी होती. ती पुढे आली.

“महाराज, घेणाऱ्याला सोडून देणाऱ्याला कोठडी?”

“देवडोंगरचा कायदाच आहे तसा. लाच देणारा आणि घेणारा, दोघंही कोठडीत. तुझ्या बापानं दिल्याचं कबूल केलं. हवालदार म्हणतात, आम्ही घेतली नाही. मी काय करू?”

“म्हणजे दिली म्हणणारा कोठडीत जाणार, आणि नाही दिली म्हणणाऱ्याची तक्रारच नाही! मग तुमचे हवालदार सापडणार कधी?”

दरबारात कोणीतरी खोकलं. राजाच्या भुवया चढल्या.

“जीभ फार चालते तुझी! मग तूच पकडून दाखव. हवालदारानं स्वतःच्या तोंडानं लाच कबूल केली पाहिजे, आणि ती तू दिलेली नसली पाहिजे! आठ दिवस देतो. जमलं नाही, तर बाप वर्षभर कोठडीत आणि बैलजोडी माझ्या गोठ्यात!”

न देता घेतलेली लाच! दरबारी गालात हसले. बकुळानं क्षणभर खाली पाहिलं.

“बरं महाराज. पण आठ दिवस रिकामी गाडी कशाला हिंडवू? दसरा आलाय. मुदपाकखान्याला गूळ लागेल ना?”

“लागेल की. तीस ढेपा आण.”

“सौदा पक्का? या घटकेपासून गूळ तुमचा?”

“माझा!”

“मग तुमच्या मालावर तुमची खूण हवी. मोहोर द्या. प्रत्येक ढेपेच्या बुडाशी उठवते.”

राजानं मोहोर दिली. बकुळा गाडी जुंपून घरी गेली आणि सातव्या दिवशी गूळ भरून निघाली.

पहिल्याच नाक्यावर दौलती हवालदार आडवा आला. मिशीला पीळ देत तो गाडीभोवती फिरला.

“ए पोरी! हा उजवा बैल डाव्यापेक्षा पांढरा आहे. आमच्या राज्यात चालत नाही!”

“आणि दोन्ही सारखेच पांढरे असते तर?”

“तर ओळखायचे कसे? तोही गुन्हाच! परवाना दाखव.”

बकुळानं परवाना दिला. दौलतीनं तो डोळ्यांसमोर धरला. “शिक्का वर पाहिजे. हा खाली आहे!”

“हवालदारसाहेब, तुम्ही कागद उलटा धरलाय.”

“उलटा कागद? दुसरा गुन्हा! आता दोन ढेपा पडतील.”

“मी नाही देणार,” बकुळा शांतपणे म्हणाली. “गूळ माझा नाही. मी फक्त पोचवते.”

“मग कुणाचा?”

“राजधानीतल्या एका बड्या माणसाचा.”

“तो रागावेल?”

“काय सांगू! इतकी वर्षं तुम्ही गाड्या अडवताय. आजवर त्यांनी तुम्हाला नाही म्हटलंय?”

“कधीच नाही!” दौलती खूश झाला. “मालकाची ना नाही, मग तू कोण अडवणार?” आणि त्यानं स्वतःच्या हातांनी दोन ढेपा उतरवल्या.

दुसऱ्या नाक्यावर चाक फार वाजत होतं म्हणून तीन ढेपा गेल्या. तिसऱ्या नाक्यावर चाक वाजत नव्हतं म्हणून चार!

आठव्या दिवशी राजानं ढेपा मोजायला लावल्या.

“एकवीस? माझ्या नऊ ढेपा कुठं गेल्या?”

“तुमच्या नाक्यांवर, महाराज. मी एकही दिलेली नाही. मोहोर बघून घ्या.”

राजाचे स्वार सुटले. दुपारपर्यंत तिन्ही चौक्यांतल्या खाटांखालून ढेपा निघाल्या. प्रत्येकीच्या बुडाशी राजाची मोहोर! तिन्ही हवालदार दरबारात उभे राहिले.

राजा लालबुंद झाला. “दौलती! राजाच्या मुदपाकखान्याचा गूळ चोरलास? चोराचा हात तोडतात, ठाऊक आहे ना?”

दौलतीनं हात जोडले. “चोरी नाही, महाराज! देवाशपथ चोरी नाही! लाच आहे ती! साधी, नेहमीची लाच! विचारा या दोघांना!”

“लाचच, महाराज!” बाकीचे दोघं एका सुरात ओरडले. “आम्ही सगळ्यांकडूनच घेतो!”

दरबार खदखदला. राजाला मात्र हसू आलं नाही.

“पोरी, कबुली मिळाली. पण लाच आहे म्हणजे देणारा असणारच! तू दिली नाहीस, मग दिली कुणी?”

“ज्याचा माल, त्यानं.”

“माल कुणाचा?”

बकुळानं ढेपेकडे बोट दाखवलं. प्रधानानं छताकडे पाहिलं. राजानं हातातली ढेप उलटी केली, बुडाशी स्वतःचंच नाव वाचलं, आणि त्याचा आवाज उतरला.

“म्हणजे... लाच मी दिली?”

“हवालदार म्हणाले, मालकाची ना नाही. खोटं कसं म्हणू? तुम्ही त्यांना कधीच नाही म्हटलं नव्हतं, महाराज.”

“आणि लाच देणाऱ्या राजाला शिक्षा काय?”

“माझ्या वडिलांना दिलीत तीच!”

राजा बकुळाकडे बघत राहिला. मग त्याची मिशी थरथरली, पोट हललं, आणि तो असा हसत सुटला की सिंहासन करकरलं!

“सोडा रे त्या सटवाजीला! तो सुटल्याशिवाय मी कसा सुटणार?”

त्याच दिवशी कायदा बदलला. नाडलेला माणूस तक्रार घेऊन आला, तर त्याला हात लावायचा नाही. सटवाजी तिन्ही नाक्यांचा कारभारी झाला. बकुळाला राजानं बैलांची नवी जोडी दिली, एक बैल पांढराशुभ्र आणि दुसरा काळाभोर.

आणि दौलतीला नवं काम मिळालं. परमुलखातली गाडी आली की तिच्यापुढे पायी चालायचं, आणि राजधानीपर्यंत ओरडत जायचं, “वाट द्या! पाहुणे आलेत!”