आनसाईची बोय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. आमच्या वाडीत कोणालाही विचारलंत तरी तो छातीठोकपणे सांगेल आणि चुकीचं सांगेल. इंजिनाच्या होड्या नव्हत्या, बर्फ नव्हता, एवढं खरं. रापण होती. रापण म्हणजे हे लांबलचक जाळं, होडीतून अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांनी सगळ्या वाडीने किनाऱ्यावर ओढायचं. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. आमची खडपेवाडी त्यावरच जगत होती.

त्या वर्षी नारळी पुनवेनंतर रापण पाण्यात गेली आणि फाटून बाहेर आली. साधी फाटली नव्हती, मधोमध भगदाड पडलं होतं, माणूस उभा आत जाईल एवढं. शिवली, पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभ्या असलेल्यांनी ती पाहिली. मुशी. आता तुम्ही लोक शार्क म्हणता. बाजारात मिळते ती हातभर मुशी नव्हे हो, होडीला होडी लावून मोजावी एवढी. खाडीच्या मुखाशी जो खोलगट भाग आहे तिथे तिने ठाण मांडलं होतं. लोक तिला धनीण म्हणू लागले, कारण किनारा आता तिचाच झाला होता. पाण्यात गुडघ्यापुढे पाय टाकायला कोणी तयार होईना.

पावसाळाभर पुरवून पुरवून खाल्लेली सुकी मासळी संपत आली होती. तांदूळ तर केव्हाच संपला होता. वाडीचा म्होरक्या होता धाकू तांडेल. माणूस शहाणा, पण अडला की आवाज चढवायचा. त्याने नांगराच्या लोखंडाचा गळ करून घेतला, काथ्याचा दोर उंडीच्या झाडाला बांधला, आणि गळाला लावली काय, तर खारवलेली शिळी मासळी. आमची रीतच तशी होती. चांगला मासा माणसाला, त्याहून चांगला देवाला, आणि उरलंसुरलं, वास मारणारं गळाला. धनिणीने त्याला तोंडही लावलं नाही. मग तांडेल घाबरला. म्हणाला, ही मुशी नव्हे, हा कोणीतरी देवचार आहे, पाण्याचा राखणदार. मग गळाला कोंबडा लावला. मग बोकडाचं मुंडकं लावलं, वर गुलाल टाकून. सकाळी कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, साफ केलेलं हाड तेवढं परत आलं. कुर्ल्यांची मात्र त्या आठवड्यात चंगळ झाली.

तेव्हा तांडेल सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या पुनवेपर्यंत बघूया. नायतर गाव सोडूचो लागतलो."

बोलली ती एकटी आनसू. आनसू म्हणजे वाडीच्या टोकाला राहणारी विधवा. घरात सासू आणि सहा वर्षांची लेक, हौशी. नवरा चार वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेलेला, त्याचं काहीच परत आलं नव्हतं. ती म्हणाली, "माझो घोव ह्याच पाण्यात आसा. मी खय जातलंय? आणि ती देव नाय, तांडेलानू. ती मुशी आसा. तिका भूक लागता, इतक्याच. शिळा तुमका तरी चलता काय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण आनसू हसण्यावारी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती खाडीच्या मुखाशी खडपावर, म्हणजे तिथल्या खडकावर, जाऊन बसली. सात दिवस बसली, असं म्हणतात. भरती चढताना बसायची, ओहोटी सरली की उठायची. इतकी निश्चल बसायची की पाणकावळे तिच्या खांद्यावर पंख वाळवायचे, असंही म्हणतात. पाणकावळ्याचं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही, पण ती बसली होती हे खरं.

आणि तिने काय पाहिलं? भरतीच्या पाण्याबरोबर बोय नावाची मासळी खाडीत शिरते, चिखलात तोंड खुपसून चरते. पाणी फिरलं की थवाच्या थवा किनाऱ्याला घासून बाहेर निघतो. नेमकी त्या वेळी धनीण उथळ पाण्यात यायची, पाठ उघडी पडेपर्यंत वर यायची. आणि ती सरसकट खात नव्हती. थव्यातली एखादी बोय अडखळली, तिरकी पोहू लागली, की तिच्यावरच झडप. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नव्हती.

झालं. आनसूने मनाशी पक्कं केलं. बांगडा नको, तो हातात घेतला की मरतो. माकुल नको, ते मऊ, कुर्ल्या कुरतडून नेतात. शेंगाळ्याला काटे. बोयच हवी, कोपरभर लांबीची, आणि जिवंत. गळ तिच्या पाठीच्या पराजवळून असा काढायचा की ती मरणार नाही, पण धड पोहणारही नाही.

जिवंत बोय धरायची तर पाग हवा. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी. नवऱ्याचा पाग आढ्याला टांगलेला होता, तो तिने काढला. तांडेल धावत आला. "बायलमाणसान पाग धरूचो नाय, आनसू!"

"मग तुमी धरा. कोण येता पाण्यात? येवा."

तांडेलाने पाण्याकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं, आणि तो घरी गेला.

पाग फेकणं दिसतं तितकं सोपं नाही. अर्धा कोपरावर घ्यायचा, एक मणी दातात धरायचा, कमरेतून वळायचं आणि नेमक्या क्षणी दात उघडायचे. आनसूने पहिल्यांदा फेकला तेव्हा दात उघडले नाहीत, आणि ती पागासकट तोंडावर आपटली. पुढचा एक दात गेला. कोणी तरी हसलं. तिने रक्त थुंकलं आणि पुन्हा घेतला. मग कोरड्या वाळूवरच फेकत राहिली, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत, तीन दिवस. वाळूवर पागाचे गोल इतके उमटले की समुद्रालाही ते पुसायला तीन भरत्या लागल्या, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी ती खाडीच्या आतल्या अंगाला, घोटाभर पाण्यात उतरली. सूर्य समोर ठेवून उभी राहिली, म्हणजे सावली मागे पडते आणि बोय बुजत नाही. तीन बोय मिळाल्या. तिने वाळूत खड्डा केला, पाणी भरलं, त्यात ठेवल्या. आणि तिथेच चुकली बिचारी. दुपारपर्यंत खड्ड्यातलं पाणी तापलं, आणि पाणी फिरायच्या आत तिन्ही पोटं वर करून तरंगल्या. सासू म्हणाली, मेल्या तर मेल्या, लाव गळाला. आनसूने मान हलवली. तीन बोय चिरल्या आणि घरटी एक तुकडा वाटला. त्या दिवशी वाडीत चुली पेटल्या त्या तेवढ्यासाठीच.

मग दोन दिवस एकही बोय मिळाली नाही. पुनव परवावर आली होती. लोकांनी गाठोडी बांधायला घेतली. पोरं आंबाड्याचा पाला उकडून खात होती. आणि पुनवेच्या आदल्या दिवशी, भरती चढता चढता, आनसूच्या पागात एक बोय आली. एकच. पण काय बोय होती! कोपरापेक्षा चार बोटं लांब, जाड, पाठ काळीभोर. तिने मातीच्या रांजणात ठेवली, उंडीच्या सावलीत, आणि प्रत्येक लाटेला पाणी बदलत राहिली.

बातमी पसरायला काय वेळ? सगळी वाडी रांजणाभोवती जमली. नुसते बघत होते. कित्येक दिवसांचे उपाशी लोक होते हो ते. कोणाच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगायला नको. मग हौशी पुढे आली, रांजणाच्या काठावर हनुवटी टेकली, आणि म्हणाली, "आये, ही माका दी."

सासू रडायला लागली. "दी गो तिका. मुशी खाल्ल्यान काय आणि नाय खाल्ल्यान काय, पोराच्या पोटात तरी जावंदे."

आनसूला तेव्हा रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, तिने ते लपवलं नाही. तिच्या हातात होतं, बोय उचलायची आणि पाण्याकडे चालू लागायचं. कोण अडवणार होतं तिला? पण ती लेकीसमोर वाळूत बसली.

"हौशा, ही तुका दिलंय तर आज तुझा पोट भरात. धनिणीक दिलंय तर कदाचित सगळ्या वाडीचा भरात. भरतला की नाय, ता माका म्हाईत नाय. खोटा कशाक सांगू? तू सांग. देऊ?"

पोर बघत राहिली. एकदा बोयकडे, एकदा आईकडे. ओहोटी लागायची वेळ झाली होती, आणि पाणी त्या पोरीसाठी थांबून राहिलं, असं म्हणतात. आमचा समुद्र त्याआधी कोणासाठी थांबल्याचं ऐकिवात नाही आणि त्यानंतरही नाही.

मग हौशी म्हणाली, "दी." आणि थोड्या वेळाने, "पण उद्या माका मोठी आण."

आनसूने तांडेलाचा तोच गळ ओवला. बोय तिच्या हातात जराही तडफडली नाही. दोराला सुका भोपळा बांधला, म्हणजे बोय तळाला जायची नाही. आणि ती पाण्यात शिरली. गुडघा, कंबर, छाती. गेला महिनाभर तिथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं. छातीएवढ्या पाण्यात तिने बोय सोडली. बोय तिरकी, अडखळत निघाली, बरोबर पाणी फिरलं तशी, बरोबर थव्याच्या कडेने.

पाणी काळं झालं. आनसूने पाहिलं, धनीण तिच्या हाताच्या अंतरावरून गेली. डोळ्याला डोळा भिडला, असं म्हणतात. आनसू हलली नाही. भोपळा खाली गेला, एकदम, जणू कोणी हाताने ओढला. आणि आनसू ओरडली, "दोर वडा!"

दोर ताणला, उंडीचं झाड मुळासकट कण्हलं. पहिल्यांदा धावला तो धाकू तांडेल, हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. त्याच्यामागे बाया, म्हातारे, दोन दिवसांची बाळंतीण, सगळे. त्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत ओढत होते. धनिणीने त्यांना सात वेळा पाण्यात खेचलं आणि सात वेळा ते मागे सरले. तळहातांची सालटं दोराला चिकटली. आनसू सगळ्यात पुढे होती, तिने शेवटपर्यंत दोर सोडला नाही. आणि पुनवेच्या भरतीनेच धनिणीला उचलून वाळूवर आणून टाकलं, असं म्हणतात.

तिच्या पोटात वाडीच्या प्रत्येक घराने विणलेल्या जाळ्याचा तुकडा सापडला. मांस सगळ्यांना सारखं वाटलं, काळजाचं तेल काढून होड्यांना चोपडलं. ते तेल बारा वर्षं पुरलं. हौशीला पहिला तुकडा मिळाला, आणि तिने तो खाल्ला की खाता खाता तिथेच झोपली, याबद्दल मात्र वाडीत दोन मतं आहेत.

आनसू पुढे आनसाई झाली. शेजारपाजारच्या गावांतून लोक तिला विचारायला यायचे, कोणत्या पाण्याला कोणता मासा गळाला लावायचा. शिळं घेऊन आलेल्याला ती दारातूनच परत पाठवायची.

अजूनही आमच्याकडे पावसाळा सरल्यावर पहिली रापण टाकायच्या दिवशी वाडीत चूल पेटत नाही. कोणीतरी एक बाई पागाने जिवंत बोय धरते, रांजणात ठेवते. मग वाडीतल्या सगळ्यात लहान, बोलता येणाऱ्या पोरीला पुढे आणतात. बाई तिच्यासमोर वाळूत बसते आणि विचारते, "देऊ?" पोर "दी" म्हणाली की बोय पाण्यात सोडतात, आणि मग जाळं पडतं.

एका वर्षी, माझ्याच डोळ्यांदेखत, रोंग्यांची चिंगी "नको" म्हणाली. स्पष्ट म्हणाली, मान हलवून. सगळी वाडी दोर हातात घेऊन उभी होती. पाणी फिरलं, थवा निघून गेला. कोणी तिला रागावलं नाही, कोणी फुसलावलं नाही. त्या दिवशी रापण पडली नाही. बायकांनी चूल पेटवली, बोय भाजली आणि चिंगीला दिली, आणि तिचं खाऊन होईपर्यंत आम्ही सगळे उपाशी बसून राहिलो.