विसरभोळा कंबुक आणि शंखबेटाचे पाणी

पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर वेलापूर बंदरात सुबाहुक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्यांच्या कुळात जन्माला आले. वयाबरोबर त्यांना वारा, भरती आणि माणसे यांचा स्वभाव कळू लागला, आणि यांपैकी कोणावरही ओरडून उपयोग नसतो हेही कळले. बंदरातल्या नावमालकांची एक श्रेणी, म्हणजे संघ, होती. सगळ्यांनी मिळून बोधिसत्त्वांना त्या श्रेणीचे नायक केले.

वेलापूरची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडावर शंखबेट नावाचे बेट होते. तिथे मिठागरे होती आणि मीठ पिकवणारी माणसे राहत होती. बेटावर मीठ हवे तेवढे होते, पण गोडे पाणी नव्हते. पावसाचे साठवलेले पाणी फाल्गुन लागेपर्यंत पुरे. त्यानंतर पुढचा पाऊस पडेपर्यंत बेटाला वेलापूरहून नावेने पाणी जाई. हे काम राजाने नावमालकांच्या श्रेणीवर सोपवले होते आणि प्रत्येक मालकाची पाळी ठरलेली होती.

या मालकांमध्ये कंबुक नावाचा एक जण होता. त्याची नाव चांगली होती, हात सशक्त होते आणि मन निर्मळ होते. फक्त त्या मनात गोष्टी राहत नसत. एकदा तो सासुरवाडीला बायकोला आणायला गेला, पाहुणचार घेतला, आंबे घेतले आणि बायकोला तिथेच ठेवून परत आला. त्याची बायको चंपिका नंतर भावाबरोबर आली तेव्हा हा दारातच म्हणाला, "बरं झालं आलीस. काहीतरी राहिल्यासारखं मला वाटतच होतं."

त्या वर्षी ऊन कडक होते. कंबुकाची पाळी आली तेव्हा त्याने ठरवले की बेटावरच्या लोकांना चांगल्यात चांगले पाणी द्यायचे. त्याने सगळे घडे राखेने घासले, खळखळून धुतले, उन्हात पालथे घातले आणि सुकल्यावर तोंडाला स्वच्छ फडकी बांधून नावेत रचले. ओहोटीबरोबर नाव निघाली. बेटावरची माणसे कळशा घेऊन किनाऱ्यावर धावत आली. कंबुकाने हसतमुखाने पहिल्या घड्याचे फडके सोडले आणि आत पाहिले. मग दुसऱ्याचे सोडले. मग तो हळूच खाली बसला.

बेटावरची सर्वांत वयस्क बाई होती केतकीआजी. तिने पुढे होऊन घड्यात वाकून पाहिले, आत बोट फिरवले आणि म्हणाली, "लेका, घडे मात्र फार स्वच्छ घासलेस हो."

कंबुक रडवेला होऊन परतला. त्याने बोधिसत्त्वांचे पाय धरले. बोधिसत्त्वांनी त्या दिवशी आपली नाव भरून बेटावर पाठवली आणि कंबुकाला एवढेच म्हटले, "पुढच्या पाळीला पाणी आधी भर, घडे नंतर घास."

पुढची पाळी आली. या वेळी कंबुकाने विहिरीवर उभे राहून एकेक घडा स्वतः भरला. भरल्याची खात्री व्हावी म्हणून प्रत्येक घड्यातले पाणी चाखले. जड घडे नावेत उतरवायला सोपे जावे म्हणून त्याने वल्ही धक्क्यावरून नावेत तिरपी टाकली आणि त्यांवरून घडे अलगद सरकवले. वल्हेकऱ्यांनीही हात लावले. शेवटचा घडा आत गेला, सगळ्यांनी वल्ही ओढून धक्क्यावर नीट रचून ठेवली, दोर सोडला आणि नाव निघाली.

ओहोटीच्या ओढीने नाव सुरेख चालली होती. बेट समोर दिसू लागले तेव्हा कंबुक म्हणाला, "आता वल्ही मारा." वल्हेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. वारा समोरून होता, त्यामुळे शिडाचाही उपयोग नव्हता. बेटावरची माणसे कळशा घेऊन उभी होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून नाव बेटाला वळसा घालून समुद्राकडे जाऊ लागली.

"भरलंय!" कंबुक हात उंचावून ओरडत होता. "आजी, या वेळी भरलंय!"

"मग थांब की मेल्या!" केतकीआजी किनाऱ्यावरून धावत ओरडली. "नांगर टाक!"

कंबुकाने नांगर टाकला. तो डुबुक करून पाण्यात गेला, त्याच्यामागे सगळा दोर सरसरत गेला आणि शेवटी दोराचे टोकही गेले. ते नावेला बांधायचे राहिले होते.

दुपारी भरती सुरू झाली तशी नाव परत आली. बेटावरची माणसे पुन्हा किनाऱ्यावर जमली. नाव पुन्हा त्यांच्यासमोरून गेली, आता उलट्या दिशेने. या वेळी कंबुक काही ओरडला नाही. त्याने नमस्कार तेवढा केला.

वेलापुरात ही गोष्ट कळल्यावर लोक पोट धरून हसले. पण बेटावर कोणी हसत नव्हते. तिथे माणसे आता चूळ भरून पाणी थुंकत नव्हती, गिळत होती. भाताची पेज खाऱ्या पाण्यात शिजत होती आणि लेकरे ती तोंडात घेत नव्हती.

तसे पाहता इतर मालकांच्या हातून चुका होत नसत असे नव्हे. घोषिल नावाचा एक मालक होता. त्याने एकदा वऱ्हाडाला भलत्याच गावी उतरवले होते आणि तिथल्या लोकांनी नवरदेवाला चोर समजून बांधून ठेवले होते. पण घोषिलाचा आवाज मोठा होता. त्याच्या चुका वाऱ्याच्या नावावर जात, कंबुकाच्या चुका मात्र कंबुकाच्याच नावावर राहत.

या घोषिलाने श्रेणीची सभा बोलावली. तो म्हणाला, "नायक, हा माणूस आपल्या सगळ्यांची लाज काढतो आहे. याला श्रेणीतून काढा. याची नाव तुम्ही घ्या, आम्हाला मान्य आहे. आणि वडाच्या सावलीतली त्याची नाव लावायची जागा… ती कोणीतरी घेईल."

ती कोण घेईल हे सगळ्यांना ठाऊक होते. वेलापूरच्या धक्क्यावर सावली तेवढीच होती.

कंबुकाची नाव बंदरातली सर्वांत बळकट नाव होती आणि बोधिसत्त्वांची स्वतःची नाव जुनी होऊन गळू लागली होती. मालक माना डोलावू लागले. पण बोधिसत्त्व म्हणाले, "तहान बेटावरच्या लोकांनी सोसली. त्यांना विचारल्याशिवाय मी निकाल देणार नाही. उद्या सगळे बेटावर चला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नावा सजून निघाल्या. नायकांचा न्याय व्हायचा म्हणून कोणी मांडव घालायला बांबू घेतले, कोणी बैठकीला सतरंज्या घेतल्या, कोणी नगारा घेतला. एकाने विड्याची पाने घेतली. घोषिल सबंध वाटभर नावेच्या टोकावर उभा राहून आपले भाषण घोकत होता. कंबुकाला कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद होती. तो बोधिसत्त्वांच्या नावेत मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता.

एवढ्या नावा येताना पाहून बेटावर आनंद झाला. जिला जी भांडी मिळाली ती घेऊन बाया किनाऱ्यावर आल्या. मांडव पडला, सतरंज्या पसरल्या, नगारा वाजला. बाया भांडी घेऊन अदबीने कडेला बसल्या. न्याय संपला की पाणी मिळेल, असे त्यांना वाटले.

घोषिल उठला आणि बोलू लागला. निष्काळजीपणा म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, तहानलेल्या जिवाला पाणी न देणे हे केवढे पाप आहे, हे त्याने मोठ्या आवाजात सांगितले. ऊन चढत गेले. बोलता बोलता त्याचा घसा खरखरला आणि तो मागे वळून म्हणाला, "अरे, जरा पाणी द्या."

कोणी हलले नाही.

"पाणी, पाणी! कोणाच्या नावेत आहे?"

बांबूवाल्याने सतरंजीवाल्याकडे पाहिले. सतरंजीवाल्याने नगारेवाल्याकडे पाहिले. इतक्या नावा आहेत म्हणजे कोणीतरी पाणी घेतलेच असेल, असे प्रत्येकाला वाटले होते. मग विडे आणणारा चाचरत म्हणाला, "घोषिलदादा, आज पाळी तुमचीच होती ना?"

भाषण घोकण्याच्या नादात घोषिल पाळी साफ विसरला होता.

तेवढ्यात एक मालक नावेत काही सापडते का ते पाहायला किनाऱ्याकडे धावला आणि डोक्याला हात लावून परत आला. पाणी दूर ओसरले होते. सगळ्या नावा चिखलात कलंडून पडल्या होत्या. संध्याकाळच्या भरतीपर्यंत त्या हलणार नव्हत्या.

बाया रिकामी भांडी घेऊन बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर मालकांना बरे वाटले असते. पण त्यांनी भांडी हळूच पालथी घातली. एक लेकरू रडू लागले. त्याची आई त्याला थोपटत मांडवाबाहेर गेली.

केतकीआजी उठून आपल्या झोपडीत गेली आणि कमरेवर एक कळशी घेऊन आली. बेटावरचे उरलेले पाणी तेवढेच होते. तिने ओंजळभर पाणी मातीच्या वाटीत ओतले आणि घोषिलापुढे धरले. "घे बाबा. केव्हाचा बोलतोयस. घसा सुकला असेल."

घोषिल हात पुढे करेना. तो कसाबसा म्हणाला, "आजी, ते त्या लेकराला दे."

बोधिसत्त्व आसनावरून खाली उतरले. ते म्हणाले, "न्याय करायला मी आलो, पण पाणी आले की नाही हे मीही पाहिले नाही. ज्यांना पाणी द्यायचे त्यांच्याच दारी आम्ही सगळे हात हलवत आलो. कंबुक, आजवर तुला सगळ्यांनी पुष्कळ सुनावले. आज तू सांग. तू कसा विसरतोस?"

कंबुकाने खूप विचार केला. मग तो म्हणाला, "नायक, मला कोणी विचारलं ना, की मला लगेच आठवतं. पण विचारायला कोणी नसतं. आणि मीच मला विचारायचं तर तेच विसरतो."

काही मालकांना हसू आले. पण बोधिसत्त्व हसले नाहीत. ते म्हणाले, "आज आपल्यात असा एकही नाही, ज्याला कोणी विचारायला नको होते. माझा निकाल असा आहे. कंबुकाची नाव कंबुकाचीच राहील. त्याची सावलीही त्याचीच राहील. आजपासून एकाही मालकाने दुसऱ्याने विचारल्याशिवाय धक्का सोडायचा नाही. आणि विचारलेले कोणी मनावर घ्यायचे नाही."

"पण विचारायचं काय?" नगारेवाल्याने विचारले.

"ते कंबुकाला माहीत आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "काय काय विसरता येते हे त्याच्याइतके कोणाला माहीत आहे?"

आता मात्र बायाही हसल्या. केतकीआजीला तर पदर तोंडाला लावावा लागला.

संध्याकाळच्या भरतीबरोबर नावा वेलापूरला परतल्या. कोणी घरी गेले नाही. सगळे मालक विहिरीवर गेले आणि अंधार पडण्यापूर्वी सगळे घडे भरून झाले. सकाळी ओहोटी लागताच कंबुक धक्क्याच्या टोकाला उभा राहिला. एकेक नाव त्याच्यासमोर आली.

"घडे?"

"आहेत."

"घड्यात पाणी?"

"आहे रे बाबा."

"हात घालून दाखव."

मालकाने हात घालून ओला हात दाखवला.

"वल्ही? आणि नांगराचा दोर कशाला बांधलाय? नांगराला नको दाखवू, नावेला कुठे बांधलाय ते दाखव."

घोषिलाची नाव आली तेव्हा कंबुक जरा घुटमळला. पण त्याने विचारले, "कुठल्या गावाला चाललायस?"

घोषिल लाल झाला. मग मान खाली घालून म्हणाला, "शंखबेटाला." आणि नावेत नजर फिरवून म्हणाला, "बरं झालं विचारलंस. सुकाणूची खुंटी घरी राहिलीय." तो धावत जाऊन ती घेऊन आला.

सगळ्या नावा बेटावर पोहोचल्या. रांजण भरले, कळशा भरल्या. घोषिलाने पहिली कळशी स्वतः उचलून केतकीआजीच्या दारात नेली. काल रडलेल्या लेकराला त्याच्या आईने भर किनाऱ्यावर न्हाऊ घातले, आणि एवढे पाणी वाया गेले तरी कोणी काही म्हटले नाही.

मग आजीने विचारले, "कंबुक कुठाय रे? घडे मात्र स्वच्छ घासलेस, एवढंच मी त्याला म्हणाले होते. आता शाबासकी द्यायचीय."

सगळ्यांनी कंबुकाच्या नावेत पाहिले. वल्हेकरी होते, घडे होते, वल्ही होती, नवा नांगर बांधलेला होता. कंबुक नव्हता. सगळ्यांना विचारण्याच्या भरात तो स्वतः नावेत चढायचा विसरला होता, आणि वल्हेकरी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'आहे' म्हणत निघून आले होते.

तिकडे वेलापूरच्या धक्क्यावर चंपिका भाकरीचे गाठोडे घेऊन आली. तेही तो घरी विसरला होता. नवरा वडाच्या सावलीत एकटाच समुद्राकडे पाहत बसलेला पाहून ती धावतच पुढे झाली.

"अहो, तुम्ही इथे? नाव कुठाय?"

"गेली."

"आणि पाणी?"

"तेही गेलं," कंबुक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "सगळं गेलं, चंपिके. काही म्हणजे काही राहिलं नाही."

चंपिका त्याच्या शेजारी बसली आणि तिने गाठोडे सोडले.

जेतवनातल्या विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा समोर एक भिक्खू मान खाली घालून बसला होता. तो भिक्षेला निघाला, दूरच्या गावी पोहोचला आणि तिथे त्याच्या लक्षात आले की पात्र विहारातच राहिले. असे त्याच्या हातून पुन्हा पुन्हा घडत असे आणि इतर भिक्खू त्याला हसत. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या काळचा कंबुक म्हणजे हा तुमचा सोबती. चंपिका म्हणजे ती उपासिका, जी याला रिकाम्या हाती पाहून आपल्या घरचे पात्र भरून देते. केतकीआजी म्हणजे इथली वृद्ध भिक्खुणी भद्रा. घोषिल आणि त्याच्याबरोबर हसणारे मालक म्हणजे तुम्ही. आणि श्रेणीचा नायक मीच होतो. दुसऱ्याच्या चुकीवर न रागावता त्याच्या शेजारी उभे राहणे, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी मी तिचाच अभ्यास केला."

त्या भिक्खूने मान वर केली. त्याच्या शेजारी बसलेला भिक्खू हलक्या आवाजात त्याला म्हणाला, "उद्या निघताना मी तुला विचारीन." आणि पुढे म्हणाला, "तूही मला विचार."