तांबडीची लाज

सह्याद्रीतला लाव्हा थिजून युगं लोटली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका कड्याचा माथा काळ्याकभिन्न कातळाचा होता आणि त्या कातळाखाली तांबड्या, ठिसूळ मातीचा पातळ थर होता. कातळाला या तांबडीची भारी लाज वाटे. पावसात तिचे लाल ओघळ वाहत, आणि दरीला वाटे की कातळच विरघळतोय.

एकदा तो शेजारच्या धबधब्याला म्हणाला, "दादा, ही घाण तेवढी धुऊन ने बाबा."

"कातळोबा, मी मऊ आहे खरी," तांबडी कळवळून म्हणाली, "पण तुमचा भार माझ्यावर आहे."

"मी वज्राचा! तू कोण मला पेलणार?"

धबधबा दर पावसाळ्यात थोडी थोडी माती नेत राहिला. कातळाखाली पोकळी वाढत गेली. एका श्रावणात उरलीसुरली तांबडीही वाहून गेली आणि कातळाच्या पोटात कडाडलं. त्यानं पाय रोवायला पाहिलं, पण पायाखाली काहीच नव्हतं.

दरीत तुकडे होऊन पडलेल्या कातळानं कण्हत विचारलं, "तांबडी कुठंय रे?"

"ती केव्हाच समुद्राला मिळाली," त्याच्या अंगावर कोसळत धबधबा म्हणाला. "तुम्हालाही नेतो. पण तुम्ही पडलात वज्राचे. तुम्हाला झिजायला फार वेळ लागेल."