सोळा तासांचा उपास

सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक त्र्यंबकराव यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर सगळंच वाढलेलं. डॉक्टरांनी बजावलं, "रोज सोळा तास पोटात काही नको." त्र्यंबकरावांनी रात्री आठ ते दुपारी बारा असा उपास धरला खरा, पण सकाळी सातला त्यांना साबुदाण्याची खिचडी लागे, वर साजूक तूप. "उपासाला चालते," असं ते ठणकावून सांगत. तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल आणखी चढलं, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाईचा हात तेलाला सैल आहे. पुढच्या तपासणीत उतरलं नाही, तर स्वयंपाकाला बाई ठेवतो."

हा ठपका पुसायचाच, असं नव्या सुनेनं, केतकीनं ठरवलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी सातला तिनं खिचडीची बशी त्यांच्यापुढे ठेवली.

"अगं, वेड लागलं का तुला? उपाशीपोटी रक्त द्यायचंय!"

"उपासाचीच आहे, बाबा."

"खिचडी खाल्ल्यावर माणूस उपाशी राहतो का?"

"हेच मला तीन महिने तुम्हाला विचारायचं होतं," केतकी शांतपणे म्हणाली.

सासूबाईंना हसू आवरेना. त्र्यंबकरावांनी बशी बाजूला सारली आणि घसा खाकरला.

"उद्यापासून सकाळी नुसतं पाणी दे. आणि ते बाईबिई काही नको."