कुत्र्याची एकादशी

एका गावात एक कासारीण होती, आणि तिचं कुणी म्हणून खरं धरत नव्हतं. बोलायची खरंच, पण तोंडावर बोलायची. ती म्हणाली पूल खचलाय, तर लोक म्हणाले हिला बोलायची खोडच आहे. पूल पडला, तेव्हा म्हणाले हिच्या तोंडानेच पडला. अशा बाईचा कुत्रा आजारी पडला तर काय होतं, ते ऐका.

कुत्र्याचं नाव गुंड्या. पिल्लू होतं तेव्हा सदऱ्याच्या गुंडीसारखं गोल होतं, म्हणून गुंड्या. तो दुकानाच्या पायरीवर बसायचा. बायका बांगड्या भरायला आल्या की त्यांची पोरं त्याच्या अंगावर लोळायची, पण तो कधी गुरगुरला नाही. समोर हलवायाचं दुकान होतं. हलवाई रोज सकाळी मोडकी जिलबी त्याला टाकायचा, आणि गुंड्याने ती कधी जमिनीला लागू दिली नाही.

एके दिवशी गुंड्या ओकायला लागला. पाणी प्यायला, तेही बाहेर पडलं. पोटाला हात लावला तर कण्हला. कासारणीने त्याला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाला, "आत काहीतरी अडकलंय. पोट उघडून काढावं लागेल. उद्या संध्याकाळच्या आत आण, नाहीतर आणू नकोस."

खर्चाचा आकडा तिच्या आवाक्याबाहेरचा होता. पण ती रडत बसणारी नव्हती. तिने सरळ विचारलं, एकदम एवढे जमायचे नाहीत, काय करू? डॉक्टरनेही सरळ सांगितलं, अर्धे आधी दे, उरलेले दर बाजाराला थोडे थोडे फेड. विचारलं म्हणून वाट निघाली. लाजून घरी गेली असती तर कुत्रा तिथेच संपला होता.

पण अर्धेही नव्हते. लग्नसराई म्हणून होतं नव्हतं ते तिने मालात घातलं होतं. मग ती उसने मागत दारोदार फिरली. वाणी म्हणाला, "आज कुत्र्याचं पोट फाडतेस, उद्या उंदराला चष्मा लावशील." बाकीच्यांनी तेवढंही उत्तर दिलं नाही.

गुंड्या आजारी आहे, हे हलवायाला काही पटेना. त्याने गुंड्यापुढे जिलबी टाकली. गुंड्याने तोंड फिरवलं. मग पेढा टाकला. तोही नको. हलवायाने कपाळावर हात मारला. "अगं, आज एकादशी. याने उपास धरलाय, तोही निर्जळी."

कासारीण म्हणाली उपास नाही, दुखणं आहे.

"तू उपास धरत नाहीस, कुत्रा धरतो, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या नाही, त्याच्या पोटात दुखतंय," ती म्हणाली. पण कोण ऐकतो?

बघता बघता बाजार जमला. कुणी गुंड्याला हार घातला, कुणी टिळा लावला, कुणी पुढे थाळी ठेवली. ज्या वाण्याने उसने दिले नव्हते, त्यानेही थाळीत नोट टाकली आणि हात जोडले. कासारीण हार काढायची, लोक दुसरा घालायचे. संध्याकाळी थाळी भरली, तशी हलवायाने ती उचलून आपल्या गल्ल्याशेजारी ठेवली. म्हणाला, या कुत्र्याचा चौथरा बांधू.

"चौथरा मेल्यावर बांधतात. तो जिवंत आहे अजून. ती थाळी मला दे, मी त्याला डॉक्टरकडे नेते."

"ते देवाचे पैसे आहेत, बाई."

"देव आजारी नाही. कुत्रा आजारी आहे."

झालं. हिचा डोळा थाळीवर आहे, असं गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण भांडली नाही. पायरीवर उभी राहून तिने सगळ्यांना विचारलं, आज कोणती तिथी? द्वादशी, लोक म्हणाले. "मग याचं पारणं करा. पारणं चुकलं तर उपास फुकट जातो, हे तरी खरं धराल ना?"

याला कुणाला नाही म्हणता येईना. हलवायाने गरम जिलबी तळून आणली आणि पानावर वाढली. सगळा बाजार बघत होता. गुंड्याने मान उचलली, वास घेतला, शेपूट जरा हलवलं. मग त्याला उमासा आला, पिवळं पाणी पडलं, आणि त्याने मान टाकली.

तेव्हा फुलं विकणारी म्हातारी माळीण पुढे आली. कालचे सगळे हार तिनेच विकले होते. म्हणाली, "मी जन्मभर एकादशी धरते रे. द्वादशीला पान पुढे यायच्या आधी माझा हात पुढे जातो. हा उपाशी नाही, हा आजारी आहे. ही बाई कालपासून दुसरं काय सांगतेय?" तिने हलवायाच्या गल्ल्याशेजारची थाळी उचलली आणि कासारणीच्या हातात दिली.

डॉक्टरने गुंड्याच्या पोटातून आंब्याची कोय काढली. गुंड्या वाचला.

कासारणीने ती कोय धुऊन हलवायापुढे ठेवली. तेव्हा हलवायाकडे आंबाबर्फी चालली होती, आणि कोयींचा ढीग दुकानामागे उघडाच पडलेला असायचा. हलवाई म्हणाला, टाकली मी, पण गिळ म्हणून कुणी सांगितलं? वाण्याने मान डोलावली. मग सगळ्यांनीच डोलावली.

कासारणीने वाद घातला नाही. रिकामी थाळी आपल्या दारात मांडली आणि बजावलं, हिच्यात मुक्या जनावरांच्या औषधाचे पैसे टाका. गाय असो, मांजर असो, पोपट असो. फुलं नकोत. लोक कुरकुरत का होईना, टाकू लागले. त्या थाळीपाशी पहिला आला तो वाणी, मांजर काखेत धरून. कासारणीने त्याला उंदराचा चष्मा कसा आहे ते विचारलं, आणि मग पैसे दिले.

तात्पर्य: मुक्या जिवाने खाणं सोडलं तर हार आणू नका, डॉक्टर आणा; आणि औषधाची थाळी तो धडधाकट असतानाच मांडा. चूक कुणाची, हे मात्र विचारू नका. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्याच माथी ती जाते. त्या बाजारात कुणालाही विचारा, कोय कुणी टाकली ते आठवणार नाही, पण दोषी कोण ते सगळे एका तोंडाने सांगतील: गुंड्या.